पिळणं सुरू असेपर्यंत

—नको, नको, काका, बंद नका करू, चालू राहू दे तसंच. आवाज होतोय म्हणूनच तर म्हणतेय, राहू दे. तुम्हीच म्हणालात ना मघाशी, एकदा गरम पाण्यावर पूर्ण चालवून बघू, पाणी भरण्यापासून पिळण्यापर्यंत—मग होऊ दे की पूर्ण. बाबा काही इतक्यात वर येत नाहीत. बाबा म्हणजे माझे सासरे, तुम्हाला दार उघडलं ते. तुम्ही मशीन सुरू केल्याबरोबर चपला घालून खाली गेले, जिन्याखाली मीटरसमोर उभे असतील आता. मीटरवर तो लाल बारका दिवा असतो ना, लुकलुकणारा, तो किती पळतो ते बघतायत. मशीन थांबेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. आणि सासूबाई स्वयंपाकघरात आहेत, पण मशीन चालू असलं की तिकडे इथलं काही कळत नाही—म्हणजे आवाज जातो, शब्द जात नाहीत. कसं माहीत? आहे माहीत. बसा ना तुम्ही, तो स्टूल घ्या. भिंत आणि मशीनच्या मधे घालावा लागतो, तिरका, हं, असा. गुडघे जरा आखडून घ्या. हिला खोली म्हणायची आपली पद्धत आहे आमच्याकडे, खरं तर दार लावलेलं कपाट आहे हे.

मला एकच विचारायचं होतं—तुम्ही बाबांना काय सांगणार? नाही, घाई नाही, होऊ दे तुमचं बघून, पण त्यांना सांगायच्या आधी मला सांगा. कारण कसंय, बिल वाढलंय. एकदा नाही, लागोपाठ वाढत चाललंय, आणि आमच्या घरात बिल वाढणं म्हणजे—घरात कुणाला ताप चढला की कसे सगळे हळू चालायला लागतात, तसं होतं. दिवे तेच, पंखे तेच, फ्रिज तोच, माणसं तीच. मी आले तेव्हा माझ्यापुरतं जे वाढायचं ते वाढून झालं होतं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मग हे आताचं कुठून आलं? बाबांनी एकेक वस्तू बंद करून बघितली. फ्रिजसुद्धा बंद करून बघितला, दूध नासलं. शेवटी बोट आलं मशीनवर. आता त्यांचं असं ठरलंय—तुम्ही बिघाड आहे म्हणालात तर दुरुस्त करायचं, आणि बिघाड नाही म्हणालात तर मशीनचा स्वभावच खादाड आहे असं धरायचं आणि देऊन टाकायचं. त्यांचा मावसभाऊ संध्याकाळी टेम्पो घेऊन येतोय. हो, आजच. तुम्हाला फोन करायच्या आधी टेम्पोला फोन झालाय. मग काय, बादली आहेच. बादलीला मीटर नाही.

कंजूस नाहीत हो ते, तसं नका समजू. कुणी अडचणीत असला की पहिले हेच धावतात. त्यांना फक्त वाया गेलेलं बघवत नाही. जन्मभर कारखान्याचं भांडार सांभाळलं, स्क्रू बाहेर गेला तरी यांच्या डोळ्यांसमोरून जायचा—आता निवृत्त झाले म्हणून डोळे थोडेच निवृत्त होतात? बिल्डिंगमधले त्यांना मेनस्विच म्हणतात. माहीत आहे त्यांना. मला तर वाटतं, आवडतं. आणि कपडे धुण्याचे नियम तर विचारूच नका—नाही, विचारलंत ना, मग सांगते. पाणी गार. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही, पण कोंबायचंही नाही, कपड्यांच्या वर पंजा उभा राहील एवढी जागा हवी. आता पंजा कुणाचा, हा प्रश्न येतो. पंजा बाबांचा. माझा बारीक आहे, माझ्या हिशेबाने लावलं तर मशीन कोंबलं जातं म्हणे. म्हणून दर वेळी त्यांना हाक मारायची. ते येणार, बाही वर सारणार, हात आत घालणार, डोळे मिटणार—डॉक्टर कसे पोट तपासतात, अगदी तसे—आणि म्हणणार, ‘सूनबाई, अजून एक चादर बसते.’ मग चादर शोधायची. मळलेली नसली तर कुणाच्या तरी अंगाखालची ओढायची. माझा नवरा रात्रपाळीला असतो, सकाळी येऊन झोपतो, एकदा त्याला उठवून त्याची चादर काढली. तो उठला, उभा राहिला, मी चादर घेतली, तो तसाच गादीवर परत आडवा झाला. सवय आहे त्याला. लहानपणापासून.

मग पिळणं सगळ्यात जोरात, म्हणजे कपडे दोरीवर लवकर वाळतात. वाळत घालताना झटकून, कॉलर ओढून, म्हणजे निम्म्या कपड्यांना इस्त्री लागत नाही. उरलेल्यांची इस्त्री सगळ्यांची एकदम, आणि रुमाल सगळ्यात शेवटी, बटण बंद केल्यावर जी ऊब उरते तिच्यावर. त्या उबेवर चार रुमाल होतात. पाचवा चुरगळलेला राहतो, तो माझा. आणि काम झालं की मशीनचं भिंतीवरचं बटणही बंद, नाहीतर तो हिरवा दिवा वीज पीत बसतो. हसताय तुम्ही, पण मला सांगा, ह्यात चुकीचं काय आहे? तुम्हीसुद्धा लोकांना हेच सांगत असाल की. ...बघा. तेच तर. त्यांचं काही चुकत असतं तर किती सोपं झालं असतं.

थांबा, आता नुसतं गुरगुरतंय, पाणी तापतंय वाटतं. अशा वेळी मी जरा हळू बोलते. जवळ या थोडे. तुम्हाला नवल वाटत असेल, ही बाई एवढी बोलते—घरात कुणाला सांगितलंत तर खरं वाटणार नाही. सासूबाई शेजारणीला सांगतात, ‘आमची सून इतकी शांत, घरात आहे की नाही कळत नाही.’ कौतुकाने सांगतात हो, अगदी कौतुकाने. घरात आहे की नाही कळत नाही. आणि मी शांत कशी? बोलायला जागा नाही म्हणून शांत. दोन खोल्या आणि हे कपाट. चमचा पडला की दोन्ही खोल्यांतून ‘काय पडलं?’ मी शिंकले की हॉलमधून ‘सर्दी झाली का?’ रात्री कूस बदलली की पडद्यापलीकडून सासूबाईंचा आवाज, ‘डास आहेत का गं?’ काळजीनेच. सगळं काळजीनेच. इथं कुणी वाईट नाही काका, हीच पंचाईत आहे. कुणी वाईट असतं तर तक्रार तरी करता आली असती. आता कुणाची करू—डासांची?

दमायला होतं. कामाने नाही, काम काय, चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते, लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि ‘छान दिसते’ म्हणायचं. कामाचं काही नाही. दिवसभर ऐकलं जाण्याने दमायला होतं. हे मशीन माझ्या आधी काही महिने घरात आलं, नवऱ्याने स्वतःच्या पगारातून घेतलं, म्हणजे नात्याने माझी मोठी जाऊच की. आणि मोठ्या जावेसारखंच सांभाळून घेतलंय हो मला. तुम्ही—

कुठला ओरखडा?

...हं. तो. लादीवरचा. दिसला का तुम्हाला. मी त्याच्यावर पायपुसणं टाकते नेहमी, आज तुम्ही मशीन ओढलंत तेव्हा सरकलं. हो, चालतं ते कधीकधी. म्हणजे पिळताना धडाधडा हापटतं आणि पुढे येतं, एकदा तर दारापर्यंत आलं होतं, मी पाठ लावून मागे ढकललं. पाय झिजलेत? ...नाही? मग कशाने चालतं? ...एकच जड कपडा टाकला की होतं असं? म्हणजे चादरीने, टॉवेलने—सगळं वजन एका बाजूला जातं आणि फिरताना फेकतं. अच्छा. आणि रोज रोज झालं तर आतलं खिळखिळं होतं. अच्छा. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे चालतं हे माहीत होतं, खिळखिळं होतं हे माहीत नव्हतं.

तुम्हाला कळलंच आहे ना? चेहऱ्यावरून वाटतंय तुम्हाला कळलंय. एकच टॉवेल असतो. मीच टाकते. आधी नळाखाली ओला करते आणि नुसतंच पिळायला लावते, दुपारी, बाबा वाचनालयात गेले की. सासूबाई तेव्हा हॉलमध्ये आडव्या झालेल्या असतात. त्यांना वाटत असेल, काहीतरी खळबळून काढतेय. आता तुम्ही म्हणाल, एका टॉवेलसाठी मशीन? हाताने पिळला तर काय झालं? पण टॉवेलसाठी नाही हो. टॉवेलला काय, तो बिचारा धुऊन धुऊन पारदर्शक झालाय.

माझी आई आहे. एकटीच असते, मी एकुलती एक, माझ्या लग्नानंतर घरात ती आणि तिचं शिवणयंत्र. तिला ऐकू कमी येतं. एका कानाने अजिबात नाही, दुसऱ्या कानाने ओरडलं तर. म्हणजे फोनवर तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, अगदी गळा ताणून. आता या घरात मी ओरडून बोलायचं म्हणजे—‘जेवलीस का?’ एवढं विचारलं तरी खालच्या मजल्यावरचे सांगतील काय जेवली. सुरुवातीला जिन्यात जाऊन करायची. तिथे बाबा मीटरपाशी. मग गच्चीवर. तिथे सगळ्या बिल्डिंगचे कपडे आणि कपड्यांमागे सगळी बिल्डिंग. ‘बरी आहे गं मी’ एवढंच ओरडायची, आणि ‘बरी आहे’ ओरडून सांगितलं की ते किती खोटं वाटतं, तुम्ही कधी ऐकलंय? एक दिवस मशीन चालू असताना फोन आला तिचा. मी दार ओढून घेतलं आणि इथे, तुम्ही बसलायत ना, तिथेच बसून बोलले. आणि बाहेर आले तर सासूबाईंनी विचारलं, ‘काही गुणगुणत होतीस का?’ गुणगुणत! तेव्हा कळलं, शब्द जात नाहीत.

तेव्हापासून. माझी आई म्हणते, ‘तुझं सासर आलं का गं लाइनवर?’ सासर म्हणजे हा आवाज. तिलाही तो पोचतो थोडा, घरघर. आता आवाज नसला तर तिला करमत नाही. आम्ही दोघी ओरडतो. आणि माझं एक ठरलेलं आहे काका—असं घुसळत असतं तेव्हा साधं साधं बोलायचं, भाजी काय आणलीस, डॉक्टरकडे गेलीस का, शेजारीण बरी आहे का. खरं जे असेल ते पिळताना. कारण पिळताना आवाज सगळ्यात मोठा. धुवायला किती वेळ लागतो आणि पिळणं किती थोडं असतं, तुम्हाला माहीतच आहे. तेवढ्यात बोलून टाकायचं. म्हणून मग मी धुणं सोडलं आणि नुसतं पिळायलाच लावायला लागले. म्हणजे खरंच खरं बोलायला. काय बोलते? काही नाही हो. मला घरी यावंसं वाटतं. हेच. कुणी त्रास दिला म्हणून नाही. तुझ्या शिवणयंत्राशेजारी जमिनीवर उताणं झोपावंसं वाटतं, कुणी डासांचं विचारायचं नाही असं. मग ती म्हणते, ये की. मग मी म्हणते, येईन. आणि मशीन थांबतं. मग ती म्हणते, ‘ठेवू का? सासर गेलं वाटतं.’

...हो, मला कळतंय. बिल माझ्यामुळेच वाढलंय. म्हणून तर विचारतेय तुम्हाला. रोज रिकामं मशीन फिरवायचं आणि वर बाबांना पंजा घालताना बघत बसायचं—लाज वाटते, खोटं नाही सांगत. बाबांनी फ्रिज बंद केला आणि दूध नासलं, तेव्हा मी सांगणार होते. मग मशीनवर बोट आलं आणि जीभच उचलली नाही. टेम्पो आला की हे जाणार, आणि मग माझ्या आईला मी परत गच्चीवरून ‘बरी आहे’ ओरडणार. तुम्ही असं म्हणा ना, की—

काय? परत सांगा. पिळायला वीज लागत नाही? ...अगदी नाही असं नाही, पण थोडी. पंख्यापेक्षा जरा जास्त. म्हणजे माझ्या टॉवेलने— ...माझ्या टॉवेलने एवढं बिल वाढायचंच नाही? खरं सांगताय? मला बरं वाटावं म्हणून नाही ना? ...मोटरला नाही, पाणी तापवायला लागते. धुण्यात सगळ्यात जास्त वीज पाणी तापवायला. बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ. अरे देवा. म्हणजे मी नाहीच. म्हणजे सुटले मी! मी काका, कधी म्हणजे कधी गरम पाणी नाही वापरलं. कुणीच नाही वापरत. हे बटण बघा ना, गरम-गारचं—बाबांनी गारवर आणून वर चिकटपट्टी मारलीय, कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. तुम्हीच आता चाचणीसाठी सोडवलीत ती.

...कसला थर? त्या हीटरवर? मागचं झाकण काढलंत तेव्हा दाखवत होतात तो पांढरा? मला वाटलं तो साबणाचा. ...क्षारांचा. पाणी तापलं तरच बसतो. आणि हा ताजा आहे, पुष्कळ आहे, म्हणजे पुष्कळदा तापलंय. पण मग कोण? बाबा नाहीत, बाबा स्वतःचा हात कापून देतील पण बटण फिरवणार नाहीत. नवरा घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. मी नाही. मग उरलं कोण—

ती पट्टी द्या इकडे. तुम्ही काढलेली, हो, ती. ही बाबांनी लावलेली नाही. बाबांची खाकी होती, रुंद, खोकी बंद करायची. ही पांढरी आहे, दवाखान्यातली, ही तर... ही सासूबाईंच्या उशाशी असते. पाठीला ते औषधाचं फडकं लावतात ना, त्याच्यावर मारायला.

थांबा हं जरा. मला बसू दे. नाही, तुम्ही बसा, मी इथे मशीनला टेकते—

गरम आहे. काच केवढी गरम आहे, काका.

...

मी सकाळी कामावर जाते. बाबा तेव्हा फिरायला जातात. नवरा आत मेल्यासारखा झोपलेला. मी दुपारी येते तेव्हा इथली लादी कोमट असते. मला वाटायचं, ऊन येत असेल. कुठून येणार ऊन, खिडकी आहे का इथे? सासूबाईंचा गाऊन पाठीवर दमट असतो, मला वाटायचं, ओट्याला टेकल्या असतील. आणि स्टूल. स्टूल मी भिंतीला चिकटवून ठेवते आणि तो मला मशीनच्या काचेपाशी सरकलेला सापडतो. म्हणजे कुणीतरी काचेला पाठ लावून बसतं. मी रोज तो परत सरकवायची, रोज, आणि एकदाही मनात आलं नाही की आपण सरकवतो म्हणजे त्याआधी कुणीतरी सरकवलाय. चष्मे विकते मी. दुसऱ्यांचे डोळे तपासून घेते.

त्यांची पाठ दुखते, मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. खाली वाकून उठल्या की टेबलाचा कोपरा धरतात आणि कुणी बघितलं की टेबल पुसतात. बाबांना एकदा म्हणाल्या होत्या, माझ्यासमोर, ‘शेकायला काहीतरी आणू या का हो, ती विजेची पिशवी मिळते ना’—बाबा म्हणाले, ‘तिला केवढी वीज लागते, त्यापेक्षा जरा चालायला ये माझ्याबरोबर, मोकळी होईल पाठ.’ रागाने नाही म्हणाले. खरंच वाटलं असेल त्यांना, मोकळी होईल. त्या ‘बरं’ म्हणाल्या. त्या नेहमी ‘बरं’ म्हणतात. मग बाईने काय केलं बघा—पिशवी नाही ना आणायची, नको आणायला, अख्खं मशीनभर पाणी तापवलं आणि पाठ लावून बसली. आणि वर पट्टी मारून ठेवली, गारवर. मला हसू येतंय. सॉरी. हसू नाही येत.

आता पाणी सोडलंय वाटतं. हो, आता पिळायला लागेल. ऐका, थोडा वेळ आहे, जोरात बोलते—तुम्ही बाबांना असं सांगाल का, की मशीन आतून साफ राहायला गरम पाण्यावर रिकामं चालवावं लागतं? ...खरंच असतं तसं? नेहमी गार पाण्यावर धुतलं की आत चिकटा बसतो? मग झालं तर! खोटं बोलायलाच नको! फक्त रोज म्हणा. ...बरं, आठवड्याला. ...महिन्यातून एकदा? महिन्यातून एकदा शेकून कुणाची पाठ राहिलीय का, काका! ...नाही, तुमचं बरोबर आहे. तुम्ही खोटं का बोलावं. तुम्हाला चार घरी जायचंय. आणि तुम्ही खरं सांगितलंत, की गरम पाणी वापरतंय कुणीतरी, तर बाबा हॉलमध्ये उभे राहून विचारतील, ‘कोण?’ मी गप्प बसले तरी चालेल, मी काही केलेलंच नाही. टॉवेलचं तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सुटले. आणि सासूबाई ‘बरं’सुद्धा म्हणणार नाहीत. टेबल पुसतील. संध्याकाळी टेम्पो येईल आणि त्या त्याच्याकडेही बघणार नाहीत. इतकी वर्षं एका घरात, आणि पाठ दुखते एवढं बोलायला त्यांना माझ्यासारखं मशीनसुद्धा लावता आलं नाही, नुसत्या टेकून बसल्या, एक शब्द न बोलता, गप्प, एवढ्या आवाजात गप्प—मला तर निदान फोन होता, मला तर निदान कुणीतरी—

...

थांबलं.

...

श्. हळू. चपला वाजतायत जिन्यात.

या, बाबा. हो, झालं पूर्ण. दिवा पळाला? पळणारच, पाणी तापत होतं. ...काकांना नका विचारू. काका, तुम्ही थांबा जरा, मी सांगते. हो बाबा, मीच बोलतेय. मशीनला काही झालेलं नाही. गरम पाणी मी लावत होते. मी. पट्टी काढून, आणि परत लावून. ...कपड्यांसाठी नाही. पाठ दुखते माझी. काउंटरला उभं राहून राहून. काच तापली की तिला पाठ लावली की जरा बरं वाटतं, म्हणून. ...बोलले नाही, बाबा. कुणीच बोलत नाही इथं, मी तरी कशी बोलणार. मी आजच ती शेकायची पिशवी आणते, विजेची, माझ्या पगारातून. आणि तिला केवढी वीज लागते ते काकांना विचारा. विचारा ना. मशीनभर पाणी तापवायला जेवढी लागते, त्याच्या पासंगाला तरी पुरते का ते. ...बघा. ऐकलंत? म्हणजे वाचतेच उलट. पिशवी हॉलमध्ये ठेवू, कुणालाही लागली तर घेता येईल. कुणालाही. आणि टेम्पोला नको म्हणून सांगा.

...आई, तुम्ही कशाला आलात स्वयंपाकघरातून उठून? हात ओले आहेत तुमचे. ...नाही, खूप नाही दुखत. थोडी दुखते. तुम्हाला माहीत आहे कशी दुखते ते. ...काय शोधताय? टॉवेल? तो घ्या, पण एकच नका टाकू आई, काका म्हणाले, एका टॉवेलने खिळखिळं होतं. ...दोन. हं, दोन चालतील, एकेक बाजूला. ...पिळायला? आता कशाला, आत्ताच तर— ...माझा फोन? ओट्यावर राहिला होता, तुम्ही आणलात. आई, तुम्हाला कसं— ...हो. हो, वाट बघत असेल ती. ...बाबा, आई म्हणतायत, तुम्ही खाली जाऊन दिवा बघा.

तुम्ही या आता, काका. त्या ओरखड्याचं राहू दे. जाताना दार ओढून घ्या—तसं नाही लागत ते, जरा उचलून ओढा. हं. लागलं. मला जरा बोलायचंय.